नाव घ्या, वहिनी

“माणगावे, पासवर्ड सांगा. पा-स-वर्ड! कळतंय न्हवं मी काय म्हणतोय?”

नलवडे साहेब बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत होते. आमचे हे बहिरे नव्हते. अर्धांगवायूनं उजवा हात नेला, उजवा पाय नेला, वाचा नेली. कान तेवढे शाबूत ठेवले. देवाला एखाद्याची चेष्टाच करायची असली की तो असं निवडून निवडून नेतो.

ह्यांनी साहेबांकडं बघितलं. ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि अगदी स्वच्छ म्हणाले, “कालिंदी.”

“अहो, पासवर्ड! नदीवरच्या स्विचचा!”

“कालिंदी,” हे म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

साहेबांबरोबर आलेले दोघे कारकून खिडकीकडं तोंड फिरवून हसले. साहेबांनी तेवढीही तसदी घेतली नाही, ते ह्यांच्या तोंडावरच हसले. कारखान्याचे जनरल मॅनेजर ते, त्यांना कोण विचारणार? “माणगावे,” ते म्हणाले, “सगळं इसरलासा, पण मुद्द्याचं तेवढं ध्यानात ठेवलंय की ओ!”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रे खाली ठेवला आणि ह्यांचा घाम पुसला. आज इतक्या वर्षांनी सांगतेय, पण ते हसणं अजून कानात आहे.

झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडातून तो एकच शब्द यायचा. पाणी हवं तरी कालिंदी, कूस बदलायची तरी कालिंदी, मुलगी कॉलेजातून आली तरी कालिंदी. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते की असं होतं कधी कधी. सगळे शब्द पुसले जातात आणि एखादाच कुठला तरी चिकटून राहतो. तोच का राहतो हे सांगता येत नाही. डॉक्टरांना काय जातंय बोलायला! माझं नाव त्रिशला, मुलीचं अस्मिता, आणि आमच्या दोन्हीकडच्या गोतावळ्यात औषधालासुद्धा कालिंदी नाही.

साहेब उठले तसे मला बाहेर बोलावून म्हणाले, “वहिनी, क्वार्टरचा नियम तुम्हाला ठाऊक हाय. माणूस कामावर न्हाई तर क्वार्टर न्हाई. मी आपला थांबवून धरलंय. पण किती दिवस धरू? पासवर्ड मिळाला तर संचालकांपुढं बोलायला मला तोंड तरी राहील.”

“आणि नाही मिळाला तर?”

“मग तुमचं तुम्ही बघा,” साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

माझं मी काय बघणार होते? सासरे गेले तेव्हा दिरांनी वाटण्या केल्या आणि आमच्या वाट्याला गोठा आला. तोही पडका. माहेरी भाऊ होता, पण भावाच्या घरात बहीण एकटी खपते, लुळा नवरा आणि बारावीची मुलगी घेऊन नाही. कारखान्याच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्या आणि मागची मोरी, एवढंच आमचं जग होतं. ते सुटलं की आम्ही रस्त्यावर, हे मला लख्ख दिसत होतं.

साहेबांबरोबर पुण्याची एक इंजिनिअर बाई आली होती, अनघा सबनीस म्हणून. हे कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचे, आता ह्यांच्या जागी कारखान्यानं तिच्या कंपनीला काम दिलं होतं. ती मागं रेंगाळली. तिशीतली असेल, पोरगी चांगली होती, हसलीही नव्हती. मी तिला विचारलं, “अगं, एका स्विचचं एवढं काय घेऊन बसलेत? भिंतीवरचं बटणच ना?”

“नाही हो काकू. तो एक डबा असतो, त्यात सगळीकडच्या वायरी येतात. चौकातला पोलीस समजा. कुठल्या वायरीतला निरोप कुठं सोडायचा ते तो ठरवतो. नदीवरच्या जॅकवेलचे पंप त्याच्यावर चालतात.”

जॅकवेल म्हणजे नदीतलं पाणी उपसून कारखान्याला पाठवायचं पंपघर. ते कारखान्यापासून चांगलं लांब, नदीकाठच्या वाडीला लागून होतं.

“तिथला जुना पंप आता धापा टाकतोय,” अनघा म्हणाली. “नवीन आणून ठेवलाय, पण स्विचच्या परवानगीशिवाय तो जोडता येत नाही. आणि परवानगी द्यायला मालक म्हणून आत शिरावं लागतं. मालकाचा पासवर्ड फक्त काकांना माहीत.”

“मग तो डबाच बदला.”

“त्यात पंपांची सगळी मांडणी काकांनी भरलीय. त्याची नक्कल कुठंच नाही. पासवर्ड विसरला तर दाबायचं एक बटण असतं, पण काकांनी असं करून ठेवलंय की ते दाबलं की आतलं सगळं पुसलं जाईल. मग पाणी बंद, बॉयलर बंद, आणि ऐन हंगामात कारखाना उभा.”

“म्हणजे मुद्दाम कुलूप घातलंय?”

“काळजीनं घातलंय, काकू. चांगली माणसं असंच करतात.” मग ती जरा घुटमळली. “दुसरा कुठला पासवर्ड अडला नाही. बाकीचे सगळे ऑफिसात आहेत. हा एकच काकांनी स्वतःजवळ ठेवला.”

कॉलनीत बातमी पसरायला वारा लागत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोतकाकू वाटीभर साखर मागायला आल्या. साखर कारखान्याच्या कॉलनीत साखर मागायला! वाटी हातातच राहिली आणि काकूंनी विषय काढला.

“काय ओ वहिनी, कोण म्हणायची ही कालिंदी?”

“मला काय माहीत?”

“न्हाई, आमचे हे म्हणत होते, माणगावे दर शनिवारी जॅकवेलवर जायचे. तिकडं वाडीबिडी हाय न्हवं?” मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “पुरुषाची जात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका असं म्हणणारी बाई ते लावूनच जाते. मी काही सती सावित्री नाही. ह्यांचा चहा मी बशीत ओतून, फुंकर घालून गार करून पाजायची. तो कढत पाजायला लागले. जीभ भाजली की हे कळवळून म्हणायचे, “कालिंदी!” आणि मला आतून बरं वाटायचं. म्हटलं, घ्या तिचं नाव, आणि तिलाच बोलवा फुंकर घालायला. अंग पुसताना हात जरा जोरात चालायचा, केस विंचरताना फणी टोचायची. बाहेर कुणाला दिसत नव्हतं. आत आम्हा दोघांनाच ठाऊक.

त्याच दिवसांत एका दुपारी मी चेअरमन साहेबांच्या नावानं अर्ज लिहायला बसले. ह्यांच्या जागी मला कुठलीही नोकरी द्या, म्हणजे क्वार्टर राहील, असा अर्ज. हाताचं अक्षर बरं दिसणार नाही म्हणून अस्मिताच्या कॉम्प्युटरवर लिहीत होते. ह्यांनीच कारखान्यातल्या मोडीतले भाग जोडून तो तिला करून दिला होता. हे शेजारी चाकाच्या खुर्चीत होते. एका बोटानं एकेक अक्षर शोधत माझा निम्मा अर्ज झाला असेल, तेवढ्यात ह्यांनी डावा हात लांब करून कीबोर्ड ओढला.

हे मूळचे डावखुरे. शाळेत मास्तरांनी बडवून बडवून उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, पण कॉम्प्युटरपुढं बडवायला कुणी नव्हतं. तिथं डावाच हात चालायचा. ते बोट कीबोर्डवर आलं आणि झरझर चाललं. झटका आल्यापासून ह्यांच्या शरीरातलं काहीच इतकं सरळ चाललं नव्हतं. पडद्यावर माझ्या अर्जाच्या मधोमध इंग्रजीत कालिंदी उमटलं, पुढं काही आकडे, आणि शेवटी एक चिन्ह.

मी ते पुसलं. ह्यांनी पुन्हा लिहिलं. तेच नाव, तेच आकडे, तेच चिन्ह. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच.

“अहो,” मी म्हणाले, “हा पासवर्ड आहे?”

ह्यांनी होकाराची मान हलवली. एकदा नाही, सारखी हलवत राहिले, आणि घळाघळा रडायला लागले. साहेबांनी पासवर्ड विचारला होता आणि ह्यांनी तो सांगितला होता. त्या खोलीत खरं बोलणारा तो एकच माणूस होता, आणि त्यालाच सगळे हसले होते.

मी आधी हसले, मग रडले, मग ह्यांच्या भाजलेल्या जिभेला साजूक तूप लावलं. कालिंदी म्हणजे यमुना, हे मला शाळेपासून पाठ होतं. नदीवरचा स्विच, त्याला नदीचं नाव. एवढं साधं, आणि मी मात्र मनातल्या मनात एक बाई उभी करून तिच्याशी भांडत बसले होते! त्या रात्री कित्येक दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी उठले ती मात्र वेगळीच बाई होऊन. क्वार्टरची किल्ली माझ्या हाती आली होती, आणि ती मी नलवडे साहेबांना फुकट देणार नव्हते. आधी नोकरीची ऑर्डर, मग पासवर्ड. साहेबांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? त्यांचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ, हे कॉलनीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

अडचण एकच होती. मी लपवलेली गोष्ट माझा नवरा दिवसभर ओरडून सांगत होता. येणाऱ्या जाणाऱ्याला, दूधवाल्याला, खोतकाकूंना. नावापुढचे आकडे कुणाला माहीत नव्हते हे खरं, पण एकदा नाव हाती लागलं की अनघासारखी हुशार पोरगी आकडेही काढेल, ही धास्ती होती. अजून कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या डोक्यात ती बाई बसली होती. लोकांच्या घाणेरड्या मनानंच माझं गुपित सांभाळलं होतं.

पण ते फार दिवस टिकलं नाही. त्या आठवड्यात साहेब पुन्हा आले, अनघाला आणि दोघा कारकुनांना घेऊन. ह्यांना कागद-पेन्सिल देऊन बघू म्हणाले. दारात कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. ह्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, ती नुसतीच घसरली. मास्तरांनी त्या हाताला लिहायचं शिकवलंच नव्हतं.

“कालिंदी,” हे म्हणाले.

आणि अनघा म्हणाली, “सर, मला एक वाटतं. हे नाव म्हणजेच पासवर्ड नसेल? निदान त्यातला काही भाग?”

साहेबांनी भुवया वर केल्या. हातातून छप्पर चाललं होतं, आणि विचार करायला वेळ नव्हता.

मी हंबरडा फोडला.

“पासवर्ड? कसला आलाय पासवर्ड!” मी छाती बडवून म्हणाले. “त्या भवानीचं नाव पुन्हा माझ्या घरात काढू नका! वाडीवरची सटवी आहे ती! दर शनिवारी पंप बघायला जातो म्हणून हा माणूस कुठं जायचा, ते मला विचारा! पोरीच्या तोंडाकडं बघून गप्प बसले मी इतकी वर्षं. आता वाचा गेली तरी तिचं नाव जात नाही तोंडातलं!”

मी इतकं छान बोलेन असं मला वाटलं नव्हतं. खोतकाकूंनी पुढं होऊन मला धरलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं आणि आनंदही खरा होता. दोघे कारकून पोरीसोरींसारखे लाजले. साहेबांचा चेहरा तर सणाचं ताट वाढल्यासारखा झाला. त्यांनी अनघाला कोपरानं ढोसलं. “बघा, मॅडम. म्हणे पासवर्ड! तुमच्या पुस्तकात हे न्हाई.”

अनघा गोरीमोरी होऊन “सॉरी, काकू” म्हणाली.

ह्यांनी मान हलवली नाही. हो नाही, नाही नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डाव कळला, साथ देताहेत. शहाणा माणूस, असं मी मनात म्हटलं.

लोक पांगले आणि मग मला अस्मिता दिसली. दप्तर पाठीवर तसंच, मोरीच्या दाराला टेकून उभी होती. किती वेळची आली होती कोण जाणे.

“खरंय हे?” तिनं विचारलं.

कॉलनीतल्या भिंती विटेच्या नव्हत्या, कानांच्या होत्या. खोतकाकू अजून अंगणात रेंगाळत होत्या. आता खरं सांगितलं तर पोरगी रडेल, हसेल, मैत्रिणीला सांगेल, आणि संध्याकाळी ते साहेबांच्या टेबलावर असेल.

“खरंय,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून तिनं बापाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. अभ्यासाला खोतांच्या घरी बसायला लागली. आधी कॉलेजातून आली की ती ह्यांच्या खुर्चीपाशी बसून दिवसभराचं सगळं सांगायची, आणि ते मध्ये मध्ये “कालिंदी, कालिंदी” करत हुंकार भरायचे. आता तिची चाहूल लागली की ते दाराकडं बघायचे. चपला वाजत पुढं जायच्या. मी त्यांच्या कानाशी लागून सांगायची, “थोडं सोसा. ऑर्डर हातात पडू दे, पोरीला सगळं खरं सांगते मी. आपल्या छपरासाठी आहे हे.” ते डाव्या हातानं माझं मनगट धरायचे. घट्ट धरायचे आणि सोडायचे नाहीत.

मग जुना पंप जळाला. दिवसाढवळ्या, गाळप जोरात चालू असताना. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला आणि मागोमाग सगळी धडधड थांबली. कॉलनीतल्या माणसाला त्या शांततेची भीती वाटते. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली, ऊस वाळायला लागला, आणि गाडीवान ऑफिसच्या दारात येऊन शिव्या घालू लागले.

मी ह्यांना आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. “आज,” मी म्हणाले. “संध्याकाळी अस्मिता तुमच्याजवळ बसेल.” तिलाही सांगितलं, संध्याकाळी लवकर ये, पप्पांबद्दल बोलायचंय. मग चांगली साडी नेसून मी ऑफिसात गेले.

साहेबांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. कारखाना उभा होता, तरी बाईला तिष्ठत ठेवायला त्यांच्याकडं वेळ होता. आत बोलावलं तेव्हा ते, अनघा आणि तेच दोघे कारकून होते.

“मला पासवर्ड माहीत आहे,” मी उभ्या उभ्या सांगितलं. “आधी नोकरीची ऑर्डर द्या. सही-शिक्क्याची.”

“वहिनी, गाडीवान दगड मारायला लागलेत आणि तुम्ही सौदा करताय?”

“हो.”

“कारखान्याचं मीठ खाल्लंय तुम्ही.”

“साखर खाल्लीय, साहेब. मीठ विकतच आणत होतो.”

अनघानं खाली बघितलं. साहेबांचा चेहरा काळवंडला, मग हळूहळू त्यावर हसू आलं. ते हसू मला आवडलं नाही. त्यांनी कारकुनाला बोलावून ऑर्डर लिहून घेतली, सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी वाचला. पद होतं शिपाई. ह्याच ऑफिसात. चहा देणे, टेबले पुसणे, साहेबांच्या केबिनची झाडलोट.

“बी. कॉम. आहे मी,” मी म्हणाले.

“मग हिशेबानं चहा कराल की,” साहेब म्हणाले. “पायजे तर घ्या.”

कागदाच्या तळाशी क्वार्टर चालू ठेवण्यात येत आहे, एवढी एक ओळ होती. मी ती दोनदा वाचली. मग घडी घालून कागद ब्लाऊजमध्ये ठेवला आणि अनघाच्या लॅपटॉपपुढं बसले. पडद्यावर एक रिकामी चौकट होती. नदीवरचा तो डबा तिथून विचारत होता की कोण आहे.

“नाव काय पासवर्डाचं?” साहेबांनी विचारलं.

“कालिंदी,” मी म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि खो खो हसत सुटले. कारकुनांना तर उभं राहवेना. “म्हणजे तिचंच नाव व्हय ओ? आणि तुम्ही स्वतः सांगताय?” साहेबांनी डोळे पुसले. “घ्या वहिनी! नाव घ्या! लग्नात नवऱ्याचं घेतलं असेल, आज तिचं घ्या!”

“उखाण्यात घ्या!” एक कारकून म्हणाला.

“व्हय, व्हय! उखाण्याशिवाय दार उघडायचं न्हाई!”

लग्नात तांदळाच्या ताटापुढं, दार अडवून उभ्या असलेल्या नणंदांपुढं मी नाव घेतलं होतं. तेव्हाही सगळे असेच हसत होते. हे दोन्ही तऱ्हेचं हसणं एकाच तोंडाला कसं येतं, मला कळत नाही. बोटानं एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं, आकडे लिहिले, चिन्ह दाबलं. चौकट गेली आणि पडद्यावर ओळीच्या ओळी उमटल्या.

“उघडलं!” अनघा ओरडली. “सर, आत आहोत आपण!”

साहेब गाडीवानांना आणि चेअरमनना तोंड दाखवायला धावत बाहेर गेले, कारकून त्यांच्यामागं. अनघाची बोटं भराभर चालत होती. थोड्या वेळानं लांबवर भोंगा वाजला. पाणी सुरू झालं होतं.

“काकू, तो पासवर्ड आता मी बदलला बरं का,” ती म्हणाली. “जुना गेला.” मग खुर्ची माझ्याकडं वळवून तिनं माझा हात हातात घेतला. “तुम्हाला किती बरं वाटलं असेल. उगाच त्या दिवशी तुम्ही इतकं वाईट मनात आणलंत. बाईबिई काही नव्हतं, नुसता पासवर्ड होता.”

“हो,” मी म्हणाले. “नदीवरचा स्विच ना, म्हणून नदीचं नाव.”

“असेल. पण कृष्णेच्या काठावर यमुनेचं नाव का दिलं कोण जाणे!” ती हसली. “बाकी सगळ्या स्विचांना कारखान्याचंच नाव होतं. आणि एक सांगू? काकांचं काम इतकं सुरेख आहे. मी मागच्या आठवड्यात जॅकवेलवर जाऊन आले. ज्या पेटीत तो स्विच आहे ना, तिचं सील बसवलं तेव्हाचं तसंच होतं. मीच तोडलं ते. कुलपावर कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. म्हणजे इतक्या वर्षांत पेटी एकदाही उघडावी लागली नाही. सगळं इथूनच, ह्या खुर्चीतून करायचे ते. त्यासाठीच तर असला स्विच घेतात, तिथं जायची गरजच पडत नाही.”

“पंप बघायला जात असतील,” मी म्हणाले.

“पंपाचं खातं वेगळं ना, काकू. काकांचं तिथं काहीच काम नव्हतं.”

ती कौतुक करत होती. तिच्या डोळ्यांत ते कौतुक होतं, आणि ती खरोखरच चांगली पोरगी होती. दर शनिवारी मी डबा भरून दिला होता. दोन भाकऱ्या जास्तीच्या, कुणी असेल बरोबर म्हणून. मीच म्हणायची तसं.

टेबलावर चहाचे उष्टे कप पडले होते. मी ते गोळा केले आणि विसळायला नेले. माझं काम सुरू झालं होतं.

घरी आले तेव्हा अस्मिता पायरीवर बसली होती. खोतकाकूंच्या दाराचा पडदा हलला.

“आई, काय सांगणार होतीस?”

आतून चाकाच्या खुर्चीची करकर आली. ते खुर्ची ढकलत दारापर्यंत आले होते. पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. डोळे पोरीच्या पाठीवर लावलेले.

“मला नोकरी लागली,” मी म्हणाले. “क्वार्टर राहिली.”

“आणि पप्पांचं? पप्पांबद्दल बोलायचंय म्हणाली होतीस.”

तो पासवर्ड होता, एवढं म्हटलं असतं तर ती उठून आत गेली असती. ते खोटंही नव्हतं. ऑफिसातल्या चार माणसांनी ते बघितलं होतं.

“कालिंदी,” दारातून आवाज आला. हळू, विनवणीचा.

“त्यांच्याबद्दल काय बोलायचं?” मी म्हणाले. “ऐकतेसच की तू.”

ती उठली, पुस्तक उचललं आणि खोतांकडं गेली.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांना न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, रात्री उठून कूस बदलली. चहाही गार करून पाजला. कॉलनीतल्या बायका अजून सुनांना माझं उदाहरण देतात. अस्मिता शिकली, पुण्याला गेली, तिचं लग्न झालं. सुट्टीला आली की त्या खोलीच्या दाराशी थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मी तिला आत जा म्हटलं नाही.